मधल्या झोपेतला सिनेमा

त्या रविवारी सिनेमा संपून दिवे लागले, तेव्हा आई लेकीच्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपली होती. रांगेतली माणसं गुडघ्यांना घासून बाहेर पडू लागली, तशी ती दचकून उठली, चष्मा सारखा केला आणि म्हणाली, "छान होता."

"काय छान होतं? मध्यंतरानंतर तू घोरत होतीस."

"घोरले तर घोरले. वाईट सिनेमात मला झोप लागत नाही, चिडचिड होते. परवा टीव्हीवर तू तो भुताचा लावलास, डोळ्याला डोळा लागला का माझ्या? शेवटपर्यंत त्या पोरीला सांगत होते, अगं बाई, आधी दिवा लाव!" मग शाल घट्ट ओढून, "एसीची थंडी मात्र अती. माणसं नासतील म्हणून की काय!"

आई बेकरीत कामाला होती. पहाटेच्याही आधी भट्टी पेटवणाऱ्या बाईला दुपारी अंधार आणि मऊ खुर्ची एकदम मिळाली, की दुसरं काय होणार! मध्यंतरानंतरचा सिनेमा तिनं कधी पाहिलाच नाही. पण त्यावाचून तिचं काही अडत नसे. धाकट्या बहिणीची, म्हणजे लेकीच्या मावशीची, नजर गेल्यापासून पाहिलेला प्रत्येक सिनेमा ती संध्याकाळी तिला फोनवर सांगायची, आणि झोपेत गेलेला भाग पदरचा घालायची.

लेक छापखान्यात मुद्रितं तपासायची. चुका काढणं हा तिचा धंदाच. टेबलाशी कागद पसरून ती बसायची आणि कान मात्र फोनकडे.

"तर काय झालं," आई सांगत होती, "दोघे भाऊ. थोरला घड्याळं दुरुस्त करतो. धाकटा भांडून जहाजावर गेला. थोरला रोज दुकान उघडून वाट बघतो. समोर एक पाववाली असते—"

"आई, पाववाली नव्हती त्यात."

"तू गप. तिला पुस्तकातलं कळतं गं, माणसांतलं नाही. तर ती पाववाली त्याला म्हणते, उपाशी पोटी वाट बघू नये..."

"मागच्या सिनेमातसुद्धा तू पाववाली घातली होतीस. तुरुंगात!"

"तुरुंगात पाव लागत नाही?"

पलीकडे मावशी इतकी हसली, की ते टेबलापर्यंत ऐकू आलं. आई पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, या खेपेला पाववालीला जास्त बोलायला लावून. शेवटी घड्याळ बघून म्हणाली, "उरलेलं उद्या-परवा. झोपते आता, भट्टी माझ्यासाठी थांबायची नाही."

मंगळवारी ती भट्टीसमोरच खाली बसली, ती उठलीच नाही.

भेटायला येणारी माणसं येऊन गेली. लेक कामावर जाऊ लागली. सिनेमाला मात्र तिचं पाऊल वळेना. टीव्ही लावायची, शेवटची नावं येईपर्यंत बघायची आणि बंद करायची. चांगला की वाईट, हे बोलायचं कुणाशी?

एका संध्याकाळी मावशीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग ती चाचरत म्हणाली, "रागावू नकोस हं. ताईनं तो घड्याळवाल्याचा सिनेमा अर्धाच सांगितला. धाकटा आला का गं परत?"

लेकीनं खरं तेच सांगितलं. थोरला अखेर कंटाळून दुकान बंद करून गाव सोडतो. दुसऱ्याच दिवशी धाकटा येतो. कुलूप बघतो. पायरीवर बसतो. संपलं.

"बस्स? पायरीवरच?"

"हो."

"आणि पाववाली?"

लेक नेहमीसारखं 'पाववाली नव्हती त्यात' म्हणणार होती, त्याऐवजी तिनं विचारलं,

"तुला माहीत होतं ना मावशी, ती नव्हती ते?"

"डोळे गेलेत माझे, अक्कल नाही. प्रत्येक सिनेमात माझी ताई पाव घेऊन उभी असायची. मी तिच्यासाठीच ऐकायचे." मावशीनं नाक ओढलं. "तू मात्र तिला फार टोकायचीस हं. ती म्हणायची, पोरीला माझं सांगणं मुळीच आवडत नाही."

"असं म्हणायची?"

"हसून म्हणायची. पण म्हणायची."

लेकीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलला कुलूप घालत होतं.  

"टोकलं की ती पुन्हा पहिल्यापासून सांगायची," लेक म्हणाली.  "म्हणून टोकायचे मी. घरी परतताना बसमध्येच मनात यायचं, आज काय घालेल ही. मला आवडायचं गं तिचं सांगणं. सिनेमापेक्षा जास्त आवडायचं. फार आवडायचं."