ओहोटीला सोडलेले देव

भिंतीच्या इस्पितळाचं फाटक आत जाताना सहज उघडायचं. दमयंतीला धास्ती वाटायची ती त्याचीच. दर रविवारी ती नायगावच्या चाळीतून आईला भेटायला यायची, तेव्हा पहारेकरी नावही न विचारता कडी काढायचा. बाहेर पडताना मात्र तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचा, हातातला भेटीचा बिल्ला उलटसुलट करून बघायचा, आणि मगच किल्लीला हात घालायचा. तेवढा वेळ ती श्वास रोखून उभी राही. बिल्ला हरवला तर?

इमारत रे रोडच्या लाकडाच्या वखारींमागे होती. वेड्यांच्या या इस्पितळाचं सरकारी नाव लांबलचक होतं. गिरणगावात तिला सगळे नुसतं भिंतीचं इस्पितळ म्हणत, आणि नळावरच्या भांडणात एकमेकींना तिथे धाडत. दमयंतीनेही लहानपणी भावाला, रघूला, धाडलं होतं. "आई, याला भिंतीत टाक!" म्हणून.

आज रविवार नव्हता. शाळेत मुलांना दुसऱ्या बाईंच्या हवाली करून ती आली होती. आज समितीची बैठक होती. बाहेरचे दोन गृहस्थ आणि इस्पितळाचे मुख्य डॉक्टर मिळून काही रोग्यांना पाहणार होते आणि घरी कोणाला सोडायचं ते ठरवणार होते. आई आज सुटली तर सुटली. नाहीतर पुन्हा कधी बोलावतील, हे कोणी सांगत नव्हतं.

पिशवीत बाबांचा अर्ज होता आणि एक हिरवं लुगडं. "पांढरं आणू नको हां," वॉर्डातल्या आया रमाबाईंनी मागच्या खेपेला कानात सांगितलं होतं. "आणि सायेब देवाचं विचारतील. हो म्हणायला शिकव. इथं खरं बोलणारी माणसंच जास्त दिवस राहतात गं."

हे सगळं घडलं ते असं. गेल्या वर्षी जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून शहर पेटलं होतं, तेव्हा लालबागच्या नाक्यावर रघूला गोळी लागली. वीस वर्षांचा होता. आई, बकुळाबाई, रडली नाही. स्वयंपाक करायची, बाबांना गिरणीचा डबा भरून द्यायची, आणि मग त्या नाक्यावर जाऊन फुटपाथवर बसायची. संध्याकाळी कोणीतरी ओळखीचं तिला घरी आणून सोडायचं. झोप तर गेलीच होती.

मग डिसेंबरात बाबासाहेब गेले. दादरच्या चौपाटीवर माणसांचा समुद्र लोटला, आणि त्याच वाळूवर लाखो माणसांनी धम्माची दीक्षा घेतली. बकुळाबाईंनीही घेतली. पांढरं लुगडं नेसून घरी आल्या, कपाळ पुसलेलं होतं, आणि वर्षभरात पहिल्यांदा शांत झोपल्या. आठवड्याने त्यांनी कोनाड्यातले देव, सासऱ्यापासून चालत आलेले चांदीचे टाक आणि शेंदूर लावलेली मरीआई, धडप्यात बांधले आणि दादरच्या समुद्रात सोडून आल्या. चाळीत तेव्हा घरोघरी हेच चाललं होतं.

चूक एकच झाली. गिरणीच्या माणसाला भोंग्याच्या वेळा पाठ असतात, समुद्राच्या नसतात. बकुळाबाईंनी देव सोडले ते ओहोटीला. पाणी मागे सरलं आणि देव वाळूवर उघडे पडले.

ते सापडले कोंडीरामकाकांना. हे बाबांचे धाकटे भाऊ, शेजारच्याच खोलीत राहणारे. त्यांनी दीक्षा घेतली नव्हती. त्याच आठवड्यात त्यांच्या बायकोचं पोटातलं मूल गेलं होतं, आणि चौपाटीवर डोकं शांत करायला गेलेल्या काकांच्या पायाशी त्यांचेच देव पडलेले. काका ओले देव छातीशी धरून घरी आले आणि त्यांनी ते परत कोनाड्यात मांडले. दुसऱ्या दिवशी बकुळाबाईंनी पुन्हा नेऊन सोडले. काकांनी पुन्हा शोधून आणले.

"वयनी, तुमच्यापायी घर बसंल!" काका गॅलरीत उभं राहून ओरडले. "नवरा जित्ता हाय नि पांढरं नेसता? टिकली नाय! पोरगा गेला, माझं पोर गेलं, आता कोण ऱ्हायलंय?"

"तुमी ऱ्हायलाव ना भावजी," बकुळाबाई म्हणाल्या. "ऱ्हावा की."

आसपासच्या बायका हसल्या. त्या हसण्याने काका आणखी बिथरले.

बाबांना, सीतारामना, काकांनीच समजावलं. इस्पितळात पंधरा दिवस विश्रांती मिळेल, झोपेचं औषध देतील. मुलगा गेल्यापासून बाबा कोणाला नाही म्हणत नसत. त्यांनी सही केली. दोन डॉक्टरांनी तपासलं. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "घरचे देव कुठे टाकलेत बाई?" आणि आईने उत्तर दिलं, "समुद्रात." त्या दिवशी दमयंती शाळेत होती. संध्याकाळी घरी आली तर आईची चप्पल दाराशी आणि आई नाही.

पंधरा दिवस केव्हाच उलटले. दमयंतीने दादरच्या वाचनालयात बसून कायद्याचं पुस्तक काढलं. ज्याच्या अर्जावरून माणसाला आत ठेवलं, त्यानेच परत मागितलं तर सोडावं, असं त्यात होतं. मात्र मुख्य डॉक्टरांनी ती व्यक्ती धोकादायक आहे असं लिहून दिलं, तर सोडू नये. तिने आयुष्यात पुष्कळ पुस्तकं वाचली होती. त्या 'मात्र'इतकी भीती तिला कुठल्याच शब्दाची वाटली नव्हती.

व्हरांड्यात रमाबाई आईला घेऊन आल्या. डोक्याचे केस बारीक कापलेले. अंगात जाडाभरडा झगा, त्याला ना नाडी ना गुंडी. पलीकडे जाळीच्या आत पंधरावीस बायका जमिनीवर बसल्या होत्या. एक भिंतीला पाठ घासत होती, घासतच होती. वखारीतली करवत मध्येच किंचाळायची आणि थांबायची. ती थांबली की जास्त भीती वाटायची.

"चहा मिळाला?" दमयंतीने विचारलं.

हा तिचा दर वेळचा पहिला प्रश्न. ज्या सकाळी चहा मिळत नाही ती सकाळ विजेच्या शॉकची, हे तिला आता कळलं होतं. कोणाकोणाला नेणार ते आधी सांगत नसत. चहाची किटली रांगेतून पुढे सरकायची आणि काहीजणींपुढे थांबायचीच नाही. मग त्या बायका ओरडायला लागायच्या.

"मिळाला," आई म्हणाली. "गोड व्हता. आज सायेब येणार ना." मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "मतदान झालं काय गो?"

"झालं. आपल्याकडे महाराष्ट्राची समितीच निवडून आली."

"माझं मत?"

"इथल्या माणसांना कोण मत देऊ देणार, आई?"

"डोकं फिरलेल्यांना मत नाय?" आई किंचित हसली. "मग येवडी वरसं सरकारातल्यांना कोण देत व्हतं?"

दमयंतीला हसू आलं. ही तिचीच आई होती, जशीच्या तशी. मग आईचा हात सवयीने अंबाड्याकडे गेला आणि कापलेल्या केसांवर थांबला.

"आई, ऐक. साहेब विचारतील देव आहेत का. आहेत म्हण. टाकले ते चुकलं म्हण. एवढंच."

"खोटं बोलू?"

"एकदाच."

"खोटं बोलनार नाय, ही पन प्रतिज्ञाच हाय दमे. त्या दिवशी वाळूवर उभं राहून घेतलीय. माझ्यापाशी आता दुसरं काय ऱ्हायलंय?"

"मी आहे ना!" दमयंती म्हणाली, ती इतक्या मोठ्याने की जाळीतली भिंत घासणारी बाई थांबून तिच्याकडे बघू लागली.

बैठकीच्या खोलीत पंखा फिरत होता. मुख्य डॉक्टर मध्ये, त्यांच्या एका बाजूला हेरंबराव नावाचे निवृत्त हेडमास्तर, दुसऱ्या बाजूला एक पारशी गृहस्थ, ते घड्याळाकडे बघत होते. डॉक्टर आवाजाने मऊ होते. बाबांचा अर्ज त्यांनी वाचला आणि पेपरवेटखाली ठेवला.

"नवऱ्याची इच्छा दिसते. पण मला बाईंची काळजी आहे. बकुळाबाई, बसा. सधवा असून पांढरं नेसता. कुंकू पुसलंत. घरचे देव दोनदा समुद्रात टाकलेत. का बरं?"

"मी बौद्ध झाले, सायेब."

"ते झालं. पण देव कुठे आहेत?"

"देव नाय."

"म्हणजे समुद्रात?"

"कुठंच नाय."

डॉक्टरांनी हेरंबरावांकडे पाहिलं. हेरंबरावांनी मान हलवली, दुःखानेच.

दमयंती उभी राहिली. काय बोलायचं ते तिने आठवडाभर घोकलं होतं. "साहेब, हे आजाराचं लक्षण नाही. आमच्या चाळीत येऊन बघा, सगळ्यांनी देव काढलेत. त्या दिवशी चौपाटीवर सगळेच पांढऱ्यात होते. कायद्याने माझ्या वडिलांना आईला परत मागण्याचा अधिकार आहे. माझी आई कोणाच्या अंगावर गेलेली नाही, स्वतःला इजा केलेली नाही, मग तिला धोकादायक कोणत्या आधारावर..." आपला आवाज चढतोय हे तिला ऐकू येत होतं आणि खाली आणता येत नव्हता.

तिचं संपेपर्यंत डॉक्टर तिच्या कपाळाकडे बघत राहिले.

"तुम्हीही कुंकू लावत नाही."

"नाही."

"लग्न?"

"झालेलं नाही."

"भाऊ गेला तेव्हापासून झोप कशी आहे?"

"साहेब, मी आईबद्दल..."

"मी सहज विचारतोय. भाऊ दिसतो का कधी?"

गेल्याच आठवड्यात परळला एका पाठमोऱ्या मुलामागे दमयंती दोन गल्ल्या चालत गेली होती. हे यांना कसं कळलं? कळलेलं नाही. हो म्हटलं तर संपलं; नाही म्हटलं तर आवाजातून समजेल. पंखा फिरत होता. बाहेर करवत थांबली.

"घराण्यात असतं कधीकधी," डॉक्टर हळुवारपणे पारशी गृहस्थांना म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "बसा ना तुम्ही. घाम आलाय. घाई कसली आहे? रमाबाई, दार लावून घ्या जरा."

दार लागल्याचा आवाज झाला. दमयंतीने पिशवीत हात घालून भेटीचा बिल्ला चाचपला. तो हाताला लागेना. लुगडं लागलं, छत्री लागली, बिल्ला लागेना.

"देव हायत."

सगळ्यांनी वळून पाहिलं. आई खुर्चीवरून उठली होती. हात जोडले होते.

"देव हायत, सायेब. मीच टाकलं. पोरगा गेला नि माझं डोकं फिरलं. आता कळतंय मला. दीर देवमाणूस, त्यानं परत आणून ठेवलंन. मी रोज पूजा करीन. कुकू लावीन." मग तिने दमयंतीकडे बोट केलं. "हिला काय झालेलं नाय. ही मास्तरीण हाय. माझ्यासाठी भांडते, येवडंच. हिला जाऊ द्या."

डॉक्टर मागे टेकून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर खराखुरा आनंद होता. "बघा," ते हेरंबरावांना म्हणाले, "उपचारांचा गुण."

बकुळाबाईंना सोडलं. पण दीर देवमाणूस हे शब्द डॉक्टरांनी टिपून ठेवले होते, म्हणून कोंडीरामकाकांना बोलावून त्यांची हमी घेतली. बाई पुन्हा तशी वागली तर त्यांनी कळवायचं. फाटकाशी पहारेकऱ्याने बिल्ला मागितला तेव्हा दमयंतीला तो स्वतःच्या मुठीत सापडला. केव्हापासून घट्ट धरला होता कोण जाणे; तळहातावर त्याची कड उमटली होती.

घरी आल्यावर आई सगळं अगदी बोलल्याबरहुकूम करू लागली. सकाळी देव धुवायची, शेंदूर लावायची. गॅलरीत पाऊल वाजलं की तिचा हात आधी कपाळाकडे जायचा, कुंकू आहे ना बघायला. लालबागच्या नाक्याचं तर तिने नावच टाकलं. बाबा तिच्या ताटात आपली भाकरी ठेवायचे आणि मान वर करायचे नाहीत. काका दारावरून जाताना आत डोकावत, समाधानाने मान हलवत. वाईट माणूस नव्हता तो. घाबरलेला होता, आणि आता त्याची भीती आईने उचलून घेतली होती.

दमयंती उठल्याबरोबर, तोंडही न धुता, स्टो पेटवायची. एकदा रॉकेल संपलं म्हणून चहाला उशीर झाला, तर आई मोरीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. तिने ओठ घट्ट मिटले होते. शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून.

मे महिन्यात बुद्धजयंती आली. धर्मांतरानंतरची पहिलीच. सकाळपासून चाळीत लगबग. दमयंतीने आईचं पांढरं लुगडं ट्रंकेतून काढलं आणि काही न बोलता खाटेवर ठेवलं.

"तू जा," आई म्हणाली. "मी घर बघते."

पण गॅलरीतले आवाज वाढले तशी ती दारापर्यंत आली. उंबऱ्याच्या आतच थांबून बघू लागली. समोरच्या इमारतीच्या जिन्यातून बायका उतरत होत्या. म्हाताऱ्या, सुना, कडेवर पोरं घेतलेल्या, सगळ्या पांढऱ्यात. खालचं पटांगण भरून गेलं तरी जिन्यांतून येतच होत्या.

"येवड्यांना कुठं ठेवतील गो?" आईने विचारलं.

दमयंती तिच्या शेजारी उंबऱ्याशी येऊन उभी राहिली.

आईने वळून कोनाड्याकडे पाहिलं. मग शेजारच्या खोलीच्या भिंतीकडे. काका गिरणीत होते. ती इतक्या हळू बोलली की दमयंतीला वाकावं लागलं.

"खाली ती वरळीची कोळीण बसलीय ना, चंपा. तिला इचारून ये. भरती कधी हाय आज?"

"आई..."

"नुसतं इचार. कशाला ते सांगू नको."

चंपा पाटीतल्या मांदेलींवर पाणी मारत होती. "पुनव न्हवं आज?" ती म्हणाली. "दुपारीच भरेल दर्या. का गो बाय, नारळ सोडताव?"

"नाही," दमयंती म्हणाली. "सहज विचारलं."

ती जिना चढून आली तर दार बंद. तिने हाक मारली तेव्हा आतून आईचा आवाज आला.

"एकटीच हायस ना?"

"एकटीच."

कडी निघाली. आईने तिला हाताला धरून आत ओढलं, पुन्हा कडी लावली, आणि ती नीट बसली की नाही हे दोनदा ओढून पाहिलं. कपाळावर कुंकू तसंच होतं. कोनाडा रिकामा होता. खाटेवर धडप्याचं गाठोडं बांधून ठेवलेलं, आणि त्याच्यावरून, बाहेरच्या कोणाला दिसू नये असं, पांढरं लुगडं पांघरलेलं.