तालमीतली बाळंतीण

“घट्ट बांधा सिस्टर, नायतर मैदानात सुटायचं नि चारचौघांत माझं हसं व्हायचं,” लताबाई म्हणाली. प्रतिभा सिस्टरने तिच्या पोटावर उशी ठेवून ओढणीची गाठ मारली.

पाकिस्तानशी लढाई जुंपली होती. बॉम्ब पडलेच तर काय करायचं, याची आज नाशिकच्या मैदानावर तालीम होती. त्यासाठी एक जखमी गरोदर बाई हवी, असा प्रसूतिगृहाला वरून हुकूम आला. खरी कोण पाठवणार? म्हणून आयुष्यभर बाळंतिणींचं सगळं काढलेली ही आया पोटुशी झाली. सोबत प्रसूतिगृहाची एकुलती एक अँब्युलन्सही गेली.

निघताना तिने वॉर्डात कळा देत पडलेल्या हर्षालीच्या केसांवरून हात फिरवला. पोरीला ना आई, ना सासू. नवरा सीमेवर, त्याचा फोन बंद. पहिलीच खेप, सकाळपासून कळा.

“मावशी, लवकर या.”

“ही गेले नि आले.”

मैदानात भोंगा वाजला. लताबाईला स्ट्रेचरवर पट्ट्यांनी बांधून अँब्युलन्सपाशी आणलं, तोच ड्रायव्हर दीपकचा फोन वाजला. फोन ऐकून तो तालीम घेणाऱ्या साहेबांकडे धावला.

“साहेब, प्रसूतिगृहात बाईला लय रक्त जातंय. सिव्हिलला न्यायचीय. गाडी सोडा.”

“हेही तालमीत घातलंय का? छान,” साहेब कौतुकाने म्हणाले. “पण आधी ही पेशंट.”

लताबाईने स्ट्रेचरवरून मान उचलली. “अवो साहेब, मी खोटी हाय. खरी तिकडं पडलीय. तिला न्या.” ती पट्टे ओढत राहिली, रडली, घसा फुटेस्तोवर ओरडली. आणि त्या मेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“बाई कामात जीव ओततेय,” साहेब शेजारच्याला म्हणाले.

शेवटी तिने पोटावरची उशी उपसून त्यांच्या पायाशी फेकली, तेव्हा कुठे त्यांचं हसू मावळलं. गाडी सुटली, पण फार उशिरा. सिव्हिलमध्ये हर्षाली वाचली. बाळ गेलं.

तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या टीव्हीवर लढाई थांबल्याचं सांगत होते. हर्षालीने विचारलं, “मावशी, गाडी कुठं होती हो? सिस्टर म्हणतात, ट्रॅफिकमध्ये अडकली.”

तेच सांगायचं, असं सगळ्यांचं ठरलं होतं. लताबाईने ते सांगायला तोंड उघडलं, पण पोरीच्या डोळ्यांकडे बघून तिच्याने ते होईना.

“माझ्याकडं होती, बाळा,” ती म्हणाली. “मला घेऊन गेली होती.”

हर्षालीने भिंतीकडे तोंड फिरवलं. लताबाई उठून गेली नाही. पोरीला दूध उतरलं होतं, गाऊन पुढून भिजून गेला होता, आणि तो बदलायला दुसरं कोणी नव्हतं.