इडवल चष्म्याची लोकरीची टोपी

मित्रांनो, मी एक जुनी लोकरीची टोपी आहे. रंगाने काळी-पिवळी, माथ्यावर एक गोंडा आणि डाव्या कानाशी कसरीने खाल्लेले एक भोक. भोकाची गोष्ट पुढे येईलच, आधी माझ्या जन्माची सांगते.

वेल्समधल्या क्वम हेलिग या डोंगरातल्या गावी, शेगडीच्या उबेला माझा जन्म झाला. एर्लिस नावाच्या बाईने आपला जुना स्वेटर उसवला आणि त्या लोकरीतून मला विणले. त्या हिवाळ्यात गावचा रग्बीचा संघ दर शनिवारी हरत होता आणि तिचा नवरा इडवल दर शनिवारी मैदानावर घसा फोडून ओरडत होता.

"डोकं तर तुझं तापलेलंच असतं," मला त्याच्या डोक्यावर चढवत ती म्हणाली, "निदान कान तरी गरम राहू देत."

आमच्या गावात निम्मे लोक जोन्स. कोणता जोन्स ते कळावे म्हणून धंद्यावरून नाव पडते. पाव भाजणारा तो विल पाववाला. इडवल खाणीत होता, पण खाणीत काय, निम्मे गाव होते. त्याला ओळखत ते त्याच्या आरोळीवरून. पंच कोणीही असो, इडवल मैदानाच्या कठड्यावरून विचारायचाच, "चष्मा घरी विसरलास का?" म्हणून तो इडवल चष्मा.

पंचाची शिट्टी वाजली की इडवल छातीत श्वास भरून घ्यायचा. तेवढ्यात एर्लिसचे दोन हात यायचे आणि मला थेट त्याच्या डोळ्यांवर ओढायचे. "नाचता येईना अंगण वाकडं," ती म्हणायची. "चेंडू काय पंचाने पाडला?" माझ्या अंधारात तो क्षणभर गप्प व्हायचा आणि मग हसायचा. मला तिचे हात फार आवडायचे.

एकदाच तिने मला ओढले नाही. रग्बीत चेंडू हातात घेऊन पळायचे आणि पलीकडच्या रेषेपार जमिनीला टेकवायचा. हाताने मात्र तो पुढे जाता कामा नये. पुढे फेकला किंवा निसटला, तर सगळे फुकट. त्या दिवशी आमच्याच पोराने चेंडू पुढे फेकला, पंचाला ते दिसले नाही आणि गुण आम्हाला मिळाले. गाव नाचू लागले आणि इडवल ओरडला, "चष्मा घरी विसरलास का? पुढे फेकला तो!" लोकांनी त्याला घरभेदी म्हटले. एर्लिसने फक्त माझा गोंडा नीट केला आणि त्याच्या हातात हात घातला.

तिची एकच हौस होती. आपला संघ एकदा वरच्या गटात गेलेला बघायचा. ती हौस राहून गेली. ती गेली त्या वर्षी इडवल मैदानाकडे फिरकला नाही आणि मी दारामागच्या खुंटीवर लटकत राहिले. हे भोक तेव्हाचे. मित्रांनो, माणूस दुःखात असला की त्याच्या वस्तूंनाही उपास घडतो. मी तक्रार करत नाही. अखेर त्यांची मुलगी नेरिस आली. तिने मला झटकले आणि बापाच्या डोक्यावर घातले. "चला बाबा, सामना सुरू होईल."

आता मला खाली ओढणारे कोणी नव्हते. जिभेला हाड नसते, त्यात दुःख मुरलेले. इडवलचे ओरडणे पूर्वी लोकांना हसवायचे, आता ते बोचू लागले. कधी कधी नेरिस चार पावले लांब जाऊन उभी राहायची.

मग नेरिसचा नवरा गेथिन संघाचा कर्णधार झाला. या खेळात पंचाशी बोलायचे ते कर्णधाराने एकट्याने, आणि तेही 'सर' म्हणून, मग पंच गावचा दूधवाला का असेना. गेथिनने पोरांना एवढेच शिकवले, की शिट्टी वाजली की तोंड बंद आणि पाय मागे. वाद घातल्याबद्दल होणाऱ्या शिक्षा थांबल्या आणि संघ जिंकू लागला. इडवलचे मत जरा वेगळे होते.

"यंदा पंच सुधारलेत," तो विलला म्हणाला.

"यंदा आपण जिंकतोय," विल म्हणाला.

"तेच म्हणतोय मी."

असे करत मोसमाचा शेवटचा सामना आला. पेन-ऑन गावाशी, आमच्याच मैदानावर. जिंकलो तर वरच्या गटात. सकाळी घरातून निघताना इडवलने एर्लिसच्या फोटोपुढे मला नीट केले. "आज होणार बघ," तो म्हणाला.

दोन्ही संघ तयार झाले, पण पंच येईना. डोंगरावरच्या रस्त्यात बर्फात त्याची गाडी अडकली होती. अशा वेळी दोन्ही कर्णधारांचे एकमत झाले, तर प्रेक्षकांतल्या कोणालाही शिट्टी देता येते. पेन-ऑनच्या कर्णधाराने कठड्याकडे बोट दाखवले.

"तो टोपीवाला द्या. गेली कित्येक वर्षं पंचांना शिकवतोय."

"माझे सासरे आहेत ते," गेथिन म्हणाला.

"असू देत. आमच्यावर ओरडतो तसा स्वतःच्या लोकांवरही ओरडतो. आम्हाला चालेल."

इडवलच्या तोंडचे पाणी पळाले. "मला कुठे शिट्टी वाजवता येते?"

"आजवर तोंडाने वाजवलीतच की," नेरिस म्हणाली.

पंचाच्या अंगावर कोणत्याच संघाचा रंग नसावा, म्हणून त्याने मला काढून तिच्या हातात दिले. इतक्या वर्षांत प्रथमच मी सामना त्याच्या डोक्यावरून न बघता लांबून बघितला. मैदानाच्या मध्ये तो फार लहान दिसत होता.

शेवटची मिनिटे आली. आम्ही दोन गुणांनी मागे. गेथिनने चेंडू घेतला, कठड्याच्या कडेने सुसाट पळाला आणि कोपऱ्यात रेषेपार झेपावला. गाव उसळले. विल कोणाकोणाला मिठ्या मारू लागला. नेरिसने मला मुठीत आवळले. चेंडूजवळ फक्त इडवल होता आणि त्याची शिट्टी अजून वाजली नव्हती. त्या डोक्यात काय चालले असेल ते मला ठाऊक होते. तिथे एर्लिस होती.

शिट्टी वाजली. इडवलने मान हलवली. गुण नाहीत. जमिनीला टेकण्याआधी चेंडू हातातून पुढे निसटला होता.

"चष्मा घरी विसरलास का?" सगळ्यांत मोठा आवाज विलचा. "अरे, जावई आहे तुझा!"

नेरिसने मला विलच्या डोक्यावर घातले आणि दोन्ही हातांनी डोळ्यांवर ओढले. "शू, विलकाका." आत विल गप्प झाला. अगदी हुबेहूब तिच्या आईचे हात, मी ओळखले.

गेथिन चिखलातून उठून सासऱ्यासमोर आला. सगळ्यांनी कान टवकारले.

"निसटला होता, सर," तो म्हणाला, आणि आपल्या पोरांकडे वळला. "मागे चला."

आम्ही हरलो. रीतीप्रमाणे दोन्ही संघ दोन रांगा करून उभे राहिले आणि टाळ्यांमधून इडवल उघड्या डोक्याने चालत आला. नेरिससमोर थांबला.

"तुझ्या आईला..." एवढेच त्याला म्हणता आले.

"माहीत आहे, बाबा."

तिने मला विलकडून घेऊन बापाच्या डोक्यावर घातले आणि हळूच डोळ्यांवर ओढले. लोकांना वाटले, त्याला थंडी वाजतेय. लोकर आतून भिजली, ते फक्त मला कळले.

विल गरम चहा घेऊन आला. "आता तुला इडवल शिट्टी म्हणायचं का रे?"

"चष्माच म्हण," इडवल माझ्या आतून म्हणाला. "तिथे मध्ये उभं राहून काही म्हणता काही धड दिसत नाही."

मित्रांनो, आमचा संघ अजून खालच्याच गटात आहे, पण यंदाही तो जिंकतोय. मी आता विरत चालले आहे. तुमच्याकडे कोणी प्रेमाने विणलेली टोपी असेल, तर तिला कढत पाण्यात घालू नका, डांबरगोळ्यांशिवाय ठेवू नका, आणि दुःखाच्या वर्षी तर खुंटीवर मुळीच विसरू नका. त्याच वर्षी तिची जास्त गरज असते.

इडवल अजून दर शनिवारी मला घालून कठड्याशी उभा राहतो. शिट्टी वाजते, तो छातीत श्वास भरून घेतो आणि मग त्याचे स्वतःचे दोन हात वर येऊन मला खाली ओढतात.