डावी, उजवी, खो

“डावी! लियम, डावी!”

भास्कर कडेच्या रेषेवरून ओरडला आणि लियम चेंडू घेऊन डावीकडे पळाला. समोरचे तीन आडदांड गडी तिथे आधीच उभे होते. लियम आडवा झाला. सामना सुरू झाल्यापासून हे असंच चाललं होतं.

ॲडलेडच्या मॉसन लेक्समधल्या युनिव्हर्सिटी संघाचा भास्कर हा कोच. खेळ अमेरिकन फुटबॉल, ज्याला इथे ग्रिडआयर्न म्हणतात आणि जो बघायला कुत्रंही फिरकत नाही. पोटापाण्याला सॉफ्टवेअर होतंच; पण तरुणपणातल्या सगळ्या संध्याकाळी त्याने या मैदानाला दिल्या होत्या. मिरजेच्या आत्याला मात्र अजून वाटतं, भाचा गोल कसा मारायचा ते शिकवतो. समोरच्यांना कळू नये म्हणून त्याने चालींना मराठी नावं ठेवली होती: डावी, उजवी, आणि पळता पळता चेंडू दुसऱ्याच्या हातात सरकवायचा तो खो. त्याची गोरी पोरं असा झकास ‘खो’ म्हणायची की ऐकत राहावं.

आज हरलो तर संघ लीगबाहेर आणि मैदानही जाणार, असं क्लबच्या सेक्रेटरीने सकाळीच सांगितलं होतं. पोरांना दडपण नको म्हणून भास्करने ते स्वतःपाशीच ठेवलं होतं.

“उजवी!” तो ओरडला, आणि तेव्हा त्याला समोरच्या संघाच्या बाकावरची मुलगी दिसली. सावळी, लांब वेणीची. ती आपल्या गड्यांना हाताने बाजू दाखवत होती. तिला मराठी कळत होतं.

मग त्याने इंग्रजीत ओरडून पाहिलं. “लेफ्ट! लियम, लेफ्ट!”

लियम जागीच थांबला. “व्हॉट लेफ्ट, कोच?”

लेफ्ट नावाची चाल त्या पोरांना कुणी शिकवलीच नव्हती. उरलेला सामना भास्करने नुसता उभं राहून बघितला.

भास्करचा संघ हरला, तशी ती मुलगी पट्ट्यांची पिशवी सावरत धावत आली. “काका, मी ओवी. नाशिकची. यांच्याकडे स्टुडंट फिजिओ आहे. तुम्ही ओरडलात ना, इतकं भारी वाटलं! किती दिवसांत मराठी कानावर पडलं नव्हतं. मी सगळ्यांना अर्थ सांगत बसले. खो तर ॲक्शन करून दाखवला.” त्याच्या चेहऱ्याकडे बघून ती थबकली. “माझं काही चुकलं का?”

त्याला खूप रागवावंसं वाटलं. पण कुणावर रागवणार? पोरीला आपली भाषा ऐकून आनंद झाला होता, एवढंच.

“नाही गं,” तो म्हणाला. “एकदा घरी जेवायला ये. माझी बायको खूश होईल.”

ती गेली. लियम हेल्मेट काखेत मारून आला, मागोमाग बाकीची पोरं. गुडघे फुटलेले, तोंडं मातीने माखलेली.

“नेक्स्ट वीक वी फिक्स इट, कोच. ट्रेनिंग ट्यूसडे, सेम टाइम?”

सगळे त्याच्याकडे बघत उभे होते. सकाळची बातमी सांगायला भास्करने तोंड उघडलं.

“येस, मेट,” तो म्हणाला. “डोन्ट बी लेट.”