चांदणीखालची ओळ

आकडेवारीच्या खात्यात सगळे त्याला आकडेमास्तर म्हणत. घरी मात्र तो ताईचा धाकटा भाऊ एवढाच होता, आणि पन्नाशी उलटली तरी त्याला तेच बरं वाटे. आई लवकर गेली. ताईनेच त्याच्याकडून पाढे घोकून घेतले, आणि पुढे ती गावाच्या टोकाला दोन खोल्यांच्या सरकारी शाळेत शिकवायला लागली ती तिथलीच झाली. तक्ता वाचताना आधी तळ वाचायचा, ही तिची शिकवण. वरचे आकडे मिरवायला असतात, खरं काय ते खाली लिहिलेलं असतं, असं ती म्हणे.

मागच्या वर्षी साहेबांनी त्याला बोलावलं. शिक्षणावर आपलं सरकार किती खर्च करतं आणि शेजारच्या देशाचं किती, याचा तक्ता त्यांना परवापर्यंत हवा होता. साहेबांच्या मते आकडे झाडाला लागतात, नुसतं झाड हलवायचा अवकाश. शेजाऱ्यांचा अहवाल चोख होता. वर्षअखेर प्रत्यक्ष खर्च झालेली रक्कम, सरकारी खर्चाच्या दर शंभरातले पंधरा. आपल्याकडे असा आकडा हाती यायला वर्ष उलटतं, म्हणून खात्याच्या रीतीप्रमाणे त्याने वर्षारंभी मंजूर झालेली रक्कम धरली. शंभरातले सोळा. म्हणजे आपण एकाने पुढे.

तक्ता छपाईला जायचा त्या सकाळी हिशेब खात्याचा लिफाफा आला. मंजूर सोळांपैकी खर्च झाले होते जेमतेम बारा. बाकीचे कुणी वापरलेच नाहीत म्हणून तिजोरीत परत गेले होते. आपल्या ताटात वाढलेलं त्याने शेजाऱ्याच्या पोटात गेलेल्याशी तोललं होतं. तो तसाच साहेबांकडे गेला. साहेबांनी लिफाफा वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"सोळावर एक चांदणी द्या आणि खाली लिहा, मंजूर रक्कम," ते म्हणाले. "मग खोटं काही राहत नाही ना?"

खोटं काहीच राहत नव्हतं. पाण्यात राहून माशाशी वैर कोण धरणार? त्याने चांदणी दिली, आणि खालची ओळ छापता येईल तितक्या बारीक अक्षरात बसवली. पेन्शनला सात वर्षं उरली होती. भित्र्या माणसाला असली कारणं शोधावी लागत नाहीत.

वर्तमानपत्रांनी तक्ता उचलून धरला. मंत्र्यांनी सांगितलं, खर्चात आपण शेजाऱ्यांच्या पुढे आहोत, तेव्हा पैसा कमी नाही, शाळाच जास्त झाल्या आहेत. पंचवीसपेक्षा कमी मुलं असलेल्या शाळा बंद करायचं ठरलं. ताईच्या शाळेत एकोणीस होती.

शेवटच्या दिवशी तो मदतीला गेला. मुलांना आता नदीपलीकडच्या शाळेत जायचं होतं. त्यांतल्या सात जणांची नावं तिकडे अजून घातलेली नव्हती, आणि ती कधी घातली जाणार नाहीत हे ताईला ठाऊक होतं. ती कपाट रिकामं करत होती, तो हजेरीपटांचे गठ्ठे बांधत होता. फळ्याशेजारी वर्तमानपत्राचं एक कात्रण चिकटवलेलं होतं. त्याचाच तक्ता. टक्केवारी शिकवायला तिने तो भिंतीवर लावला होता. तिने तो नखाने हळूच सोडवला, चष्मा पुसला आणि सवयीने तळाकडे पाहिलं. तळाला काहीच नव्हतं. जागा पुरली नाही म्हणून वर्तमानपत्राने ती ओळ गाळली होती.

"ही चांदणी कसली रे?" तिने विचारलं. "मुलं सारखी विचारायची."

छपाईची चूक म्हणून सांगता आलं असतं. ते त्याच्या ओठांवर आलंही होतं. पण वर्षभर मूग गिळून काय मिळालं, ते समोर गठ्ठे बांधून पडलं होतं. त्याने सगळं सांगितलं, लिफाफ्यापासून बारीक अक्षरांपर्यंत. ताई कात्रण हातात धरून ऐकत होती. ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"मग तू मुलांना काय सांगायचीस?" त्याने अखेर विचारलं.

"म्हणायचे, खालची ओळ छापायची राहिलीय. पण तक्ता माझ्या भावाने केलाय, तेव्हा तिथे वाईट काही लिहिलेलं नसणार."

तिने कात्रणाची घडी घालून त्याच्या हातात दिली, आणि ती कुलूप शोधायला आत गेली.