घराचं मस्तक

चंदाबाईला लकवा मारला त्याला दोन वर्षं झाली होती. उजवा हात, उजवा पाय गेला आणि जीभ जड झाली. तेव्हापासून तिचं सगळं तिचा नवरा सोमाजी करायचा. पहाटे तलावातलं जाळं काढून आला की चुलीवर पाणी ठेवायचा, तिला उचलून न्हाणीत पाटावर बसवायचा, अंग धुवायचा, लुगडं नेसवायचा. मग ओसरीत ऊन येई तिथे तिला बसवून केसांना तेल लावायचा आणि वेणी घालायचा. सुरुवातीचे काही महिने वेणी वाकडी यायची. चंदाबाई डाव्या हाताने चाचपून बघायची आणि मान हलवायची. मग तो सोडून पुन्हा घालायचा.

गाव वैनगंगेच्या अलीकडे, चामोर्शीहून तासाभराच्या वाटेवर. बहुतेक ढिवरांची, मासेमारी करणाऱ्यांची वस्ती, त्यात नऊ घरं येशूला मानणारी. सोमाजीचं त्यातलंच एक. तो साठीचा, अंगाने वाळलेला, कमी बोलणारा माणूस.

हाच सोमाजी वीस वर्षांआधी निराळा होता. मोहाची दारू प्यायचा आणि घरी येऊन चंदाबाईला मारायचा. शेजारची बुधरी कितीदा तिला आपल्या घरात लपवायची. एकदा त्याने तिचं मनगटच मोडलं. त्या सुमाराला सायकलवरून एक म्हातारे पास्टर गावात येऊ लागले होते. दारू सोडताना सोमाजी थरथरायला लागला, तेव्हा ते चार दिवस त्याच्या घरी मुक्कामाला राहिले, त्याला पेज भरवली, त्याची ओकारी काढली. सोमाजीने त्याआधी कोणा पुरुषाला असलं काम करताना बघितलं नव्हतं. दारू सुटली, हात उगारणंही सुटलं. म्हातारे पास्टर आता राहिले नव्हते.

त्यांच्या जागी सुरज आला. सव्वीस वर्षांचा, उंच, आवाज खडा. गाणी छान म्हणायचा, आजाऱ्यापाजाऱ्याला आपल्या मोटारसायकलवर दवाखान्यात न्यायचा. लोकांना तो आवडला. त्याने दर शनिवारी संध्याकाळी पुरुषांची वेगळी संगती सुरू केली. प्रार्थनाघराच्या मागे, चिंचेखाली, पंधरा-सोळा जण जमायचे. आधी दंडबैठका, मग वचन, मग बोलणं. देवाने पुरुषाला घराचं मस्तक नेमलं आहे, असं सुरज सांगायचा. आजचा पुरुष नरम पडला, बायकोच्या मागे चालायला लागला, म्हणून घरं मोडून राहिली. देवाला सिंह पाहिजेत, शेळ्या नाहीत.

सोमाजीचा मुलगा देवानंद यातला एकही शनिवार चुकवत नसे. तो एकोणतीस वर्षांचा, चामोर्शीत ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात कामाला. लहानपणी अंगावर मार झेललेला आणि डोळ्यांनी मार बघितलेला हा मुलगा चारचौघांत फार बोलत नसे. संगतीत मात्र तो मोकळा झाला. सुरजने खांद्यावर हात ठेवून "शाब्बास भाऊ" म्हटलं की त्याचा चेहरा उजळायचा. बापानेही त्याच्यासोबत यायला सुरुवात केली, कारण मुलाने बोलावलं होतं.

एका दुपारी सुरज भेटीला म्हणून त्यांच्या घरी आला. सोमाजी हातपंपावर उकिडवा बसून चंदाबाईची लुगडी धूत होता. सुरज थोडा वेळ उभा राहिला, पाणी प्यायला, प्रार्थना केली आणि गेला.

पुढच्या शनिवारी त्याने नाव घेतलं नाही. हसत हसत म्हणाला, "मी एका घरी गेलो. पाहतो तं घराचं मस्तक हातपंपावर बसून बायकोची लुगडी धुऊन राह्यलं. सून घरात असताना. आता सांगा, अशा घरातला पोरगा कोनाले पाहून मानूस बनन?"

सगळे हसले. कोणाबद्दल आहे ते सगळ्यांना कळलं होतं. सोमाजीही थोडा हसला. देवानंद हसला नाही. तो खाली मातीकडे बघत होता.

घरी आल्यावर तो बापाला म्हणाला, "बाबा, उद्यापासून तुमी हे करू नका. मले वर मान करता येत नाई."

"मग कोन करन?"

"मयुरी करन. सून कशाले हाय?"

"ते दुकानात जाते नं."

"नाई जानार आता."

मयुरी चुलीजवळ भाकरी थापत होती. ती चामोर्शीला सुलतानाबाईच्या शिलाईच्या दुकानात ब्लाउज शिवायची. तिच्या हाताला सफाई होती, लग्नसराईत बाया तिचं नाव घेऊन यायच्या. तिने मान वर केली. "सुलतानाबाईले काय सांगू? वीस ब्लाउज पडले हायत."

"सांग, घरी काम हाय."

मयुरीने सासऱ्याकडे बघितलं. सोमाजीने काहीतरी बोलावं असं तिला वाटत होतं हे त्यालाही समजलं. पण तो उठला आणि जाळ्याची फाटलेली घरं सांधायला बसला.

खरं सांगायचं तर सोमाजीला थोडं बरंही वाटलं. दोन वर्षांत तो थकला होता. आता सकाळी तलावावरून येऊन तो चहाच्या टपरीवर बसू शकत होता. संगतीतले लोक त्याला आधी नमस्कार करायला लागले. सुरजने एकदा सगळ्यांसमोर त्याचा हात धरून म्हटलं, "सोमाजीभाऊंनी आपली जागा ओळखली." सोमाजीला लाज वाटली आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम.

मयुरी सगळं नीट करत होती. पण ती अंगाने बारकी. चंदाबाईला खाटेवरून उठवायचं, न्हाणीपर्यंत न्यायचं, बसवायचं, पुन्हा आणायचं, यात तिचा दम निघायचा. दिवसातून पाच-सहा वेळा हे करावं लागे. मग हळूहळू तीनदा. मग दोनदा. सोमाजीला वाटलं, दोघींचा जम बसला.

महिना झाला असेल. एका सकाळी चंदाबाईला हुडहुडी भरून ताप आला. दुपारपर्यंत ती माणसं ओळखेना. सुरजनेच गाडीची सोय करून त्यांना चामोर्शीच्या दवाखान्यात पोचवलं. बाटली लागली, लघवी तपासली. आत संसर्ग झाला होता, मूत्रपिंडापर्यंत गेला होता. दुसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर सिस्टरने विचारलं, "आजी पाणी किती पितात दिवसाचं?"

सोमाजीने मयुरीकडे बघितलं. मयुरी हळूच म्हणाली, "घेत नाई जी. ग्लास तोंडाशी नेला का दात आवळून घेते. म्या लय सांगून पाह्यलं."

सिस्टर गेल्यावर सोमाजी खाटेच्या कडेला बसला. "चंदा, पानी काऊन नाई पेत होतीस?"

चंदाबाईने तोंड भिंतीकडे केलं. मग डावा हात उचलून मयुरीकडे दाखवला आणि आपल्या पोटावर हवेत गोल फिरवला.

"पोटुशी," ती म्हणाली. शब्द तिला एकेक करून काढावा लागायचा. "मले... उचलते. पानी... पेलं... का... उचलाव लागते."

मयुरीने पदर तोंडाला लावला. तिला तिसरा महिना होता. वर्षभरापूर्वी एकदा पोट पडलं होतं, म्हणून तिने या वेळी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. चंदाबाईने न सांगता ओळखलं होतं आणि तिचं ओझं जेवढं कमी करता येईल तेवढं केलं होतं.

"मले सांगाचं होतं," सोमाजी म्हणाला. "मी काय मेलो होतो?"

चंदाबाईने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. "तुमाले... लोकं... हासतात."

दवाखान्यातून सुट्टी झाली त्या दिवसापासून सोमाजीने पुन्हा चुलीवर पाणी ठेवलं. देवानंदला त्याने काही विचारलं नाही. मयुरीला म्हणाला, "बाई, तू सुलतानाबाईकडं जा. बसून शिवाचं काम हाय, झेपते तोवर कर." देवानंद ऐकत होता. बायको गरोदर आहे हे त्याला दवाखान्यातच समजलं होतं, तेही आईच्या तोंडून, आणि तेव्हापासून तो कोणाच्याच नजरेला नजर देत नव्हता.

शनिवारी संगतीत सुरजने चंदाबाईच्या बरं होण्याबद्दल देवाचे आभार मानले. मग म्हणाला, "सोमाजीभाऊ, तुमच्या घरी देवानं मोठं काम केलं. आज तुमी साक्ष द्या." आपल्या आयुष्यात काय घडलं ते उभं राहून सांगायचं, त्याला तिथे साक्ष म्हणत. सोमाजीने वीस वर्षांत ती एकदाच दिली होती.

तो उठला. हात कुठे ठेवावे ते त्याला समजेना.

"पास्टर म्हनतात, मानूस घराचं मस्तक. मी होतो मस्तक. दारू पेत होतो तवा माह्यासारखा मस्तक या गावात दुसरा नव्हता. चंदा माह्यासमोर तोंड उघडत नव्हती. मी आलो का हा देवानंद खाटेखाली जात होता. तिचं मनगट मोडलं म्या. दवाखान्यात बी नाई नेलं. मले वाटलं, बाई सरळ झाली."

त्याने गमछ्याने तोंड पुसलं.

"मंग येशूनं मले खाली उतरवलं. बायकोले हात लावाचा तं कसा लावाचा, ते मले तवा समजलं. आता तुमी म्हनले, वर चढ. मी चढलो बी. चांगलं वाटलं मले, खोटं काऊन बोलू. महिनाभर बसलो वर. अन् खाली तिनं पानी सोडलं. सून पोटुशी, तिले उचलाव लागू नये म्हून सोडलं. मले दिसलंच नाई." तो थांबला. "एवढंच हाय माह्याजवळ."

तो खाली बसला. आमेन कोणी म्हटलं नाही. सुरज "आपण प्रार्थना करू" म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. दोन वाक्यं बोलून त्याने संगती संपवली.

देवानंद वाटेत बापाच्या पुढे चालत होता. घराच्या अलीकडे थांबला. "मी खाटेखाली जात होतो, हे लोकांले सांगाची काय गरज होती?"

"तुले आठवते?"

"आठवते," देवानंद म्हणाला, आणि आत गेला. त्यानंतर आठवडाभर तो बापाशी बोलला नाही.

सोमवारी सकाळी सुरज आला. सोमाजी चंदाबाईची वेणी घालत होता. त्याने हात थांबवला नाही, फक्त मानेने बाजेकडे खूण केली. सुरज बसला.

"त्या दिवशी मी हासवलं लोकांले," तो म्हणाला. "चुकलं माझं."

"हो," सोमाजी म्हणाला.

सुरजला बहुधा 'जाऊ द्या' ऐकायची सवय होती. तो बाजेची दोरी चाचपत राहिला. मग त्याने आपणहून सांगायला सुरुवात केली. त्याचा बाप आलापल्लीला लाकडाच्या डेपोत होता. सुरज सात वर्षांचा असताना तो घर सोडून गेला. "पुरुष कसा असते ते घरात पाह्यलंच नाई मी. एकोणीसचा असताना नागपूरले शिबिराले गेलो. तिथी पहिल्यांदा कोन्या मोठ्या मानसानं मले जवळ घेतलं. म्हणला, तू सिंह हायस. ते मी धरून ठेवलं भाऊ. मले दुसरं कोनी काही सांगतलंच नाई."

सोमाजीने वेणीच्या टोकाला रिबीन बांधली. "तुमी लोकांले दवाखान्यात नेता," तो म्हणाला. "चंदाले नेलं तवा तुमी तिचं डोकं मांडीवर धरून बसले होते. गाडी हादरू नये म्हून. ते कोनं शिकवलं?"

चंदाबाईने सुरजकडे बघून डावा हात जरा उचलला. तिच्या लेखी ते आभार होते.

संगती बंद पडली नाही. सिंह-शेळीचं बोलणं मात्र सुरजने सोडलं. त्यामुळे पाच-सहा जण रुसले आणि चामोर्शीच्या दुसऱ्या मोठ्या मेळाव्याला जायला लागले. देवानंद कधी इकडे जायचा, कधी तिकडे. मयुरी दुकानात जायला लागली. तो तिला आपल्या गाडीवर न्यायचा, पण वाटेत बोलायचा नाही, असं ती सासूला सांगायची.

पावसाळा उतरला होता. एका रविवारी दुपारी सोमाजी डोंग्यात, आपल्या छोट्या नावेत, होता. मयुरी माहेरी, बुधरी शेतावर, देवानंदला सुट्टी, म्हणून तोच घरी. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला फोन वाजला.

"बाबा, आईले जाचं हाय. लवकर या."

"मी तलावाच्या मंधात हाव. अर्धा तास लागन."

"तिच्यानं थांबवत नाई."

"मंग उचल," सोमाजी म्हणाला. "मान धर आधी, मंग गुडघ्याखालून हात घाल. उजवा पाय लोंबकळते, तो सांभाळ."

फोन बंद झाला.

सोमाजी घरी पोचला तेव्हा दोरीवर लुगडं वाळत होतं, न पिळता टाकलेलं, खाली पाण्याचं थारोळं. देवानंद ओसरीच्या पायरीवर पाठ करून बसला होता. त्याची बंडी छातीपर्यंत ओली होती. सोमाजी आत गेला.

चंदाबाई खाटेवर होती, कोरड्या लुगड्यात. तिचे खांदे हलत होते. सोमाजी घाबरून जवळ गेला, तर ती हसत होती. डाव्या हाताने कमरेकडे दाखवत होती. परकराच्या नाडीला देवानंदने ट्रॅक्टरवरची खेप आवळावी तशी गाठ मारली होती, तीनदा फिरवून.

सोमाजीने नखाने ओढून पाहिली, दाताने ओढून पाहिली. सुटेना.

"देवा," त्याने हाक मारली, "इकडं ये. कापाव लागन आता. अन् निरगाठ सोडून दुसरी गाठ असते, ते पाहून घे."

देवानंद उठून दारात आला. आईला हसताना बघून तो थोडा वेळ तिथेच थांबला. मग कोनाड्यातली कात्री घेतली आणि आत आला.