बंद केलं का?

कुलूपवाल्यालाच स्वतःच्या कुलपाची खात्री वाटत नाही, यावर आमच्या गल्लीचं हसून झालं आहे. तुम्हीही हसून घ्या. लोकांची कुलपं मी डोळे मिटून उघडतो, पण स्वतःच्या दाराला कुलूप घालून जिना उतरलो की पाय मागे ओढतात. कडी बसली का? गॅस बंद केला का? नसला तर? आणि त्या ‘तर’च्या पुढे मला जे दिसायचं ते सांगवत नाही. जळका पडदा, आणि पडद्यामागे बायको.

शेवटी तिनेच मला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आजाराला नाव दिलं आणि गोळी दिली. गोळी तशी उदासीवरची, पण या आजारालाही लागू पडते, म्हणाल्या. गुण यायला आठवडे जातील, कदाचित महिने, तेव्हा उतावीळपणा करायचा नाही. एखादी राहिली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. दुसरं कुठलं औषध, अगदी खोकल्याचंसुद्धा, विचारल्याशिवाय पोटात जाता कामा नये. आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने गोळी सोडायची नाही. सोडायची वेळ आली की त्या स्वतः सांगतील आणि हळूहळू कमी करतील.

बायकोलाही त्यांनी एक काम नेमून दिलं. मी “बंद केलं का?” असं विचारलं की तिने उत्तर द्यायचं नाही. प्रत्येक उत्तरागणिक आजार आणखी मागतो, म्हणे.

बायकोने तिथे शहाण्यासारखी मान डोलावली आणि घरी येऊन पहिल्याच दिवशी उत्तर दिलं. ती गणवेश शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसते. दिवसभर तीच ती शिवण घालणाऱ्या बाईला घरी तेच ते उत्तर देणं काय जड? मी मोरीत हात धुताधुता विचारायचो, “बंद केलं का?” स्वयंपाकघरातून ती म्हणायची, “बंद.” मी म्हणायचो, “नक्की?” ती म्हणायची, “अहो, बंद.” गॅस असो, नळ असो, कपाट असो, उत्तर ठरलेलं. प्रश्न तिच्या कानावर पडायचा, पण ती तो ऐकत नव्हती.

त्याच सुमाराला आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहायला आले. एकटा जीव. आल्या आल्या माझ्याकडून बोटाच्या पेराएवढं कुलूप घेऊन गेले. एवढंसं कुलूप कशाला, ते मी विचारलं नाही. गिऱ्हाईक काय कोंडतंय याची चौकशी कुलूपवाल्याने करू नये.

गोळीला सावकाश गुण आला. मी जिना उतरून सरळ दुकानात जाऊ लागलो. विचारणं कमी झालं, मग थांबलंच. बायको रात्री झोपेत हसली, तेव्हा मला कळलं की ती कित्येक वर्षं हसली नव्हती. पण घरात जी शांतता आली तिची मला भीती वाटू लागली. इतकी वर्षं डोक्यात एक पहारेकरी होता. कटकट्या होता, पण जागा तरी होता. तो गेला, मग आता घरावर नजर कोणाची?

एका दुपारी मी जेवायला घरी आलो. बायकोची कारखान्यातली पाळी सारखी बदलते, त्या दिवशी ती घरी असेल असं मी धरून चाललो. मोरीत हात धुताना गोळ्यांची पट्टी आठवली. संपत आली होती. बरं झालेल्या माणसाने औषध कशाला घ्यायचं, असं मनात आलं आणि मी मोठ्याने विचारलं, “अगं, गोळ्या बंद करू का आता?”

“बंद,” बायको म्हणाली.

“नक्की?”

“अहो, बंद.”

तिचाच आवाज, ‘अहो’वरचा तोच कंटाळलेला हेल. मी पट्टी कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली. जेवण वाढून घेताना ती कुठे दिसली नाही. गच्चीवर कपडे काढायला गेली असेल, म्हटलं.

थोड्याच दिवसांत डोकं फिरलं. मान वळवली की आत वीज चमकल्यासारखं व्हायचं. चक्कर यायची. झोपेतली स्वप्नं डोळे उघडल्यावरही भिंतीवर रेंगाळायची. किल्ली घासताना कानस निसटली आणि अंगठा कापला. जुना पहारेकरी परत आला होताच, पण या खेपेला तो एकटा नव्हता. दुपारी रिकाम्या घरात, मी काही विचारलेलं नसताना, मोरीच्या भिंतीतून बायको हलकेच म्हणायची, “बंद.”

एकदा तर मी बाहेर उभा राहून दाराचं कुलूप उघडत होतो, आणि ती आतून म्हणाली, “अहो, बंद.” मी दार ढकललं. आत कोणीच नव्हतं. असणार कसं? कुलूप बाहेरून होतं.

त्या संध्याकाळी मी तिला विचारलं, “गोळ्या बंद करायला तूच सांगितलंस ना?”

तिने दिवस विचारला, मी सांगितला. त्या दुपारी ती कारखान्यात होती, आणि दाराचं कुलूप मीच सवयीने उघडून आत आलो होतो, हे मला तेव्हा कुठे आठवलं. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं, पण ती घाबरली. वेड लागण्याची पहिली पायरी हीच, असं दोघांच्याही मनात आलं आणि दोघांनीही ते गिळलं. हे डोकं आता पुन्हा माझं व्हायचं नाही, या विचाराने मी रात्रभर रडलो.

सकाळी आम्ही दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे त्यांनी सरळ विचारलं. नाही, म्हणालो, आणि ते खरं होतं. वीज, चक्कर, स्वप्नं हे गोळी एकदम तोडल्याचे परिणाम असावेत, त्या म्हणाल्या. पुन्हा कशी सुरू करायची ते त्यांनी सांगितलं, आणि राहिलेल्या गोळ्या भरून काढायच्या नाहीत अशी तंबीही दिली. आवाजाबद्दल मात्र त्यांनी घाई केली नाही. “दुपारी दोघं मिळून ऐका,” त्या म्हणाल्या. “एकट्या यांनाच ऐकू आला तर मला लगेच कळवा.”

बायकोने सुट्टी टाकली. आम्ही मोरीच्या उंबऱ्यावर शेजारीशेजारी बसलो. नळ ठिबकत होता. ती ऐकत होती आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, कारण माझं सगळं आता तिच्या कानावर अवलंबून होतं.

“बंद,” मोरीच्या झरोक्यातून आवाज आला.

तिचं तोंड पांढरं पडलं. “अहो,” ती पुटपुटली, “हा तर माझा आवाज.”

दुसऱ्याला घाबरलेलं बघून मला इतका आनंद कधी झाला नव्हता. मी झरोक्याला कान लावला. आवाज वरून येत होता.

मास्तरांनी दार उघडलं. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या झरोक्याच्याच पोकळीवर उघडते. त्या खिडकीत उन्हाला एक पिंजरा ठेवलेला होता, आणि पिंजऱ्याच्या दाराला माझं चिमुकलं कुलूप. “चोचीने कडी उघडतो लेकाचा,” मास्तर म्हणाले. “बाराखडी शिकवून दमलो, पण हा भलतंच काहीतरी उचलतो.” माझा पोपट झाला असं म्हणायला खरोखरचाच पोपट समोर बसला होता. मी हसत सुटलो. बायकोही डोळे पुसत हसली.

पोपटाने मान तिरकी करून आम्हाला न्याहाळलं. मग तो माझ्या आवाजात म्हणाला, “बंद केलं का?”

आमचं हसू थांबलं. मी माझा तो आवाज बाहेरून कधी ऐकला नव्हता. मला वाटायचं, मी घरच्यांची काळजी करणारा माणूस आहे. हा आवाज तर आत कोंडलेल्या कोणाचा तरी होता.

“नक्की?” तो म्हणाला. “नक्की? बंद केलं का? नक्की?”

बायकोचे ओठ सवयीने हलले. मी तिचा हात घट्ट धरला. तिने ओठ मिटून घेतले. तो विचारत राहिला, आणि आम्ही दोघं काही न बोलता तिथे उभे राहिलो.